गोळीमुळे जुगार लागला, तर खेळलं कोण?

तुमच्या प्रश्नात दोन-तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, म्हणून मला काय समजलं ते आधी सांगते. वडील 66 वर्षांचे, सहकारी बँकेतून निवृत्त, हिशेबाला चोख म्हणून नातेवाइकांत ओळख. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं निदान झालं. लेवोडोपा या नेहमीच्या औषधाच्या जोडीला पुढे प्रामिपेक्सोल हे दुसरं औषध सुरू झालं आणि त्याचा डोस वाढत गेला. मागच्या दीड वर्षात त्यांनी मोबाइलवरची रमी आणि शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग यांत 14 लाख घालवले. दोन एफडी मोडल्या, आईच्या पाटल्या गहाण टाकल्या, ओटीपी घरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून वेगळं सिम घेतलं. बिंग फुटल्यावर डॉक्टरांनी हा गोळीचा परिणाम असल्याचं सांगितलं, डोस उतरवायला घेतला, आणि आता खेळायची ओढ जवळजवळ गेली आहे.

घरातला तंटा मात्र मिटलेला नाही. आई म्हणते, ‘ते हे नव्हतेच.’ दादा म्हणतो, ‘वेगळं सिम घ्यायची अक्कल शाबूत होती, थांबायची तेवढी नव्हती?’ बाबा ‘मीच केलं’ एवढंच म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. आणि तुम्ही विचारता: एका गोळीने सज्जन माणूस जुगारी होत असेल, तर आधीचा सज्जनपणाही रसायनच नव्हता कशावरून? आपल्याला कळायच्या आत मेंदूचं ठरलेलं असतं असंही तुम्ही वाचलं आहे. मग माफ करायचं ते कोणाला आणि कशाबद्दल?

मी न्यूरोलॉजिस्ट आहे. पार्किन्सन्सचे रुग्ण बरीच वर्षं बघते आहे. हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा दारात येतो. रुग्ण बाहेर पडला की मुलगा किंवा सून मागे रेंगाळते आणि आवाज खाली आणून विचारते, ‘मॅडम, हे खरंच गोळीनं, की मुळातच...?’ वाक्य कोणी पूर्ण करत नाही.

तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत गोळीचा वाटा किती, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं. ओढ डोस वाढल्यावर लागली की आधीपासून होती? तरुणपणी पत्ते, मटका, लॉटरी, दारू यांचा काही इतिहास? डोस उतरल्यावर ओढ उतरली का? निर्णयशक्तीच्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या कशा आहेत? तुम्ही लिहिलेल्या तारखा खऱ्या धरल्या तर पारडं गोळीकडे बऱ्यापैकी झुकतं. पुढचं सगळं ते गृहीत धरून आहे.

सुरुवात पायापासून करते, कारण दादाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. पार्किन्सन्समध्ये पुढे पुढे काहींना पाय ‘गोठण्याचा’ त्रास होतो. माणूस उंबऱ्याशी येतो आणि अडतो. टाच जागच्या जागी थरथरते, अंग पुढे झुकतं, कपाळाला घाम येतो, पण पाऊल काही उचलत नाही. विचारलं तर सांगतो, ‘मला जायचंय हो, पण पाय ऐकत नाही.’ आमच्याकडे अशा रुग्णांसाठी जमिनीवर एकेका पावलाच्या अंतराने रंगीत टेपचे आडवे पट्टे चिकटवतात. ज्याचं एक पाऊल पडत नव्हतं तो माणूस ते पट्टे ओलांडत खोलीच्या टोकापर्यंत जातो, वळतो, आणि पट्टे संपले की पुन्हा अडतो. पाय तोच, माणूस तोच, इच्छाही तीच. टेप असली की पाऊल पडतं, नसली की पडत नाही.

हे एकदा जवळून बघितलं की ‘इच्छाशक्ती’ नावाची एकच एक वस्तू डोक्यात कुठेतरी असते, हा समज टिकत नाही. हवंसं वाटणं वेगळं, सुरू करता येणं वेगळं, थांबता येणं वेगळं, आणि केलेल्याकडे वळून बघून ‘हे मला मान्य आहे का’ असं विचारणं आणखी वेगळं. ही कामं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत चालतात आणि एक बिघडलं म्हणून बाकीची बिघडतातच असं नाही.

आता दुसरा धागा. 1986 साली अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक या तिघांनी मांडलं की मेंदूच्या तळाशी बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे जे पुंजके आहेत, त्यांतून एकच वाट जात नाही. हालचालींची एक वाट, आणि तिला समांतर हेतू, ओढ, बक्षिसाची अपेक्षा यांची दुसरी, अशा अनेक वाटा जातात. रचना साधारण सारखी, डोपामिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची गरज दोन्हीकडे. पार्किन्सन्समध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, पण सगळीकडे एकाच वेगाने नाही. हालचालीच्या वाटेचा पुरवठा आधी आटतो, ओढीच्या वाटेचा बराच काळ टिकून राहतो. आम्ही गोळीचा डोस ठरवतो तो हाताच्या कंपाकडे आणि चालण्याकडे बघून. हाताला जेवढी गरज तेवढी गोळी दिली की दुसऱ्या वाटेवर, जिथे मुळात फार कमतरता नव्हती तिथे, ती जास्त होऊ शकते. त्यात प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही डोपामिनची नक्कल करणाऱ्या गटातली औषधं डोपामिनच्या ज्या डी-3 ग्राहकांवर (पेशीवर डोपामिन जिथे चिकटतं त्या जागांवर) विशेष काम करतात, ते ओढीच्या भागात दाट असतात.

याचा परिणाम नुसता ‘मजा वाढली’ असा नसतो. मायकल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी 2004 साली पार्किन्सन्सच्या रुग्णांना निवड करण्याचे साधे खेळ देऊन पाहिलं. औषध घेतलेलं असताना रुग्ण बक्षिसातून नीट शिकत होते, पण फटक्यातून शिकणं मंदावलं होतं. औषध घेतलेलं नसताना बरोबर उलट. हरल्यावर डोपामिनची पातळी क्षणभर खाली जाते आणि मेंदू त्यातून ‘पुन्हा नको’ हे शिकतो. गोळीमुळे ती घट मेंदूला पुरेशी जाणवत नाही, असं मानलं जातं. म्हणजे तुमचे बाबा 40,000 हरत होते तेव्हा आकडा त्यांना दिसत होता, बँकेतल्या माणसाला तो नेमका कळतही होता, पण त्या आकड्याने जी कळ उठायला हवी ती उठत नव्हती. खेळात मजा यायची का, असं विचारलं तर अनेक रुग्ण ‘नाही’ म्हणतात. ‘मजा कसली, पण हात तिकडेच जायचा.’

याच गटातल्या औषधांवर काही जण वेगळंच करत बसतात. एका रुग्णाने घरातला मिक्सर, दोन घड्याळं आणि देव्हाऱ्यातली दिव्यांची माळ उघडून सगळे स्क्रू आकारमानाने वर्तमानपत्रावर मांडले होते. रात्री तीनपर्यंत. पत्नीने सांगितलं तेव्हा ते ओशाळून हसले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, त्याचा उपयोग नाही हे मलाही माहितीय.’

दादाचा खरा मुद्दा इथे येतो, आणि तो कच्चा नाही. आई खोलीत आली की बाबा मोबाइल उलटा ठेवायचे. म्हणजे थांबता येत होतं. मग थांबले का नाहीत? इंग्रजी कायद्यात ही कसोटी फार जुनी आहे: शेजारी पोलीस उभा असता तर केलं असतं का? नसतं, तर ताबा होता.

मला ही कसोटी अपुरी वाटते. लघवी दोन तास रोखता येते, म्हणून ती कायमची रोखता येईल असा अर्थ होत नाही. ओढ दहा मिनिटं पुढे ढकलणं आणि ओढ असताना दीड वर्ष रोज, एकट्याने, हातात फोन असताना नकार देत राहणं, ही दोन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं बाबांना जमत होतं. वेगळं सिम, पासवर्ड, खोटी बिलं यांवरून एवढंच सिद्ध होतं की बेत आखणारा भाग शाबूत होता. पण बेत कशासाठी आखायचा, ते ठरवणारा भाग ढळला असेल तर शाबूत भाग त्याच्याच चाकरीला लागतो. हुशार माणूस असेल तर जास्त सफाईने लागतो. म्हणून लपवाछपवीकडे बोट दाखवून ‘पूर्ण शुद्धीत होते’ म्हणणं बरोबर आहे, पण त्यातून ‘पूर्ण मोकळे होते’ हे निघत नाही. शुद्ध आणि ताबा या दोन गोष्टी आपण एक समजतो. अर्जुनाने तिसऱ्या अध्यायात नेमकं हेच विचारलंय: इच्छा नसतानाही, जणू कोणी जबरदस्तीने जुंपल्यासारखा, माणूस पाप का करतो? प्रश्न विचारणाऱ्याला पाप म्हणजे काय हे पुरेपूर कळत होतं.

खोटं बोलण्याबद्दल थोडं. बाबा म्हणायचे, ‘घालवलेले वसूल करतोय, तुमच्यासाठीच करतोय.’ दादा याला थाप म्हणतो. असेलही. पण 1970च्या दशकात मायकल गॅझॅनिगा आणि जोसेफ लेडू यांनी, मेंदूचे दोन अर्धगोल शस्त्रक्रियेने वेगळे केलेल्या एका रुग्णावर प्रयोग केला, तो इथे आठवावा असा आहे. बोलणाऱ्या डाव्या अर्ध्याला कोंबडीचा पाय दाखवला, न बोलणाऱ्या उजव्याला बर्फात बुडालेलं घर. समोरच्या चित्रांतून त्याने उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने फावडं. फावडं बर्फासाठी, हे उघड आहे. पण बोलणाऱ्या अर्ध्याने बर्फ पाहिलाच नव्हता. ‘हे का निवडलंस’ विचारल्यावर तो ‘माहीत नाही’ म्हणाला नाही. क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की. तो खोटं बोलत नव्हता. आपण जे करतो त्याचं कारण मेंदूला आतून थेट दिसतंच असं नाही. दिसलं नाही तर तो पटण्याजोगं कारण जुळवतो आणि त्यावर स्वतःच विश्वास ठेवतो. तुमच्या वडिलांनी सिम लपवलं ती लबाडी होती. ‘तुमच्यासाठी करतोय’ ही कदाचित लबाडी नसेल. ओढ कुठून येते हे त्यांना दिसत नव्हतं, आणि चाळीस वर्षं घरासाठी राबलेल्या माणसाच्या हाताशी तेच कारण तयार होतं.

‘मेंदू आधीच ठरवतो’ हे तुम्ही वाचलंत ते बहुधा बेंजामिन लिबेट यांच्या 1983च्या प्रयोगाबद्दल असणार. माणसाला सांगायचं की वाटेल तेव्हा मनगट हलव, आणि समोर घड्याळासारखा वेगाने फिरणारा ठिपका बघून, हलवावंसं नेमकं कधी वाटलं ते लक्षात ठेव. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत-चढ सुरू झालेला दिसला, आणि ‘हलवावंसं वाटलं’ ती वेळ फक्त सुमारे पाचवा हिस्सा सेकंद आधीची निघाली. लगेच हाकाटी झाली की स्वातंत्र्य संपलं. पण 2012 साली आरॉन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतल्या आपोआप होणाऱ्या चढउतारांची, हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत सरासरी काढली तर तसाच चढ दिसू शकतो. तो ‘ठरलं’ याची खूण असलाच पाहिजे असं नाही. शिवाय मनगट आत्ता हलवायचं की अर्ध्या सेकंदाने, याला काही कारणच नसतं. पाटल्या गहाण टाकायच्या की नाहीत, याला कारणं असतात, त्यावर रात्रभर तळमळ होते, कोणाला विचारता येतं, सकाळी मत बदलता येतं. हा प्रयोग फार नावाजलेला आहे, पण तुमच्या घरातल्या भांडणात त्याचा उपयोग मला तरी दिसत नाही.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न. चांगुलपणाही रसायनच का?

हो, रसायनाशिवाय तो चालत नव्हता. तुमचा, माझाही नाही. पण ‘रसायनावर चालतो’ आणि ‘रसायनच आहे, माणसाचा नाही’ यांत मोठी उडी आहे, आणि ती आपण सोयीने मारतो. याच गटातल्या औषधांवर काही रुग्ण आयुष्यात पहिल्यांदा चित्रं काढू लागतात, कविता करू लागतात. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी आहेत. माझ्याकडच्या एक आजी एकेका दिवसात पाच-सहा गोधड्यांचे नमुने बेतायच्या. घरचे कौतुकाने फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, ‘आतली कला इतक्या वर्षांनी बाहेर आली.’ कोणी म्हणालं नाही की ही आजी नव्हे, ही गोळी. चांगलं आलं तर ते आतून आलं, वाईट आलं तर बाहेरून घुसलं, हा हिशेब आपल्याला आवडतो. आई तो बाबांच्या बाजूने लावतात. दादा तोच उलटा लावतो: चांगलं वरवरचं होतं, वाईट आतलं होतं, गोळीने झाकण काढलं. दोघांनाही आत एक ‘खरा माणूस’ बसलेला दिसतो. मी इतकी वर्षं मेंदूची चित्रं बघते आहे, त्या खऱ्या माणसाची स्वतंत्र खोली मला कुठे दिसलेली नाही. काही गोष्टी वर्षानुवर्षं टिकतात, काही परिस्थितीने बदलतात, काही एखाद्या गोळीने तीन महिन्यांत पालटतात. माणूस या सगळ्यांचा मिळून असतो. चाळीस वर्षं टिकलेल्या गोष्टीला दीड वर्ष टिकलेल्या गोष्टीपेक्षा जास्त वजन द्यायला मी तयार आहे. शुद्धतेबद्दल मला काही म्हणायचं नाही, मी सातत्य मोजते.

दादाकडे याहून चांगला एक मुद्दा आहे, तो त्याने मांडलेला नाही, म्हणून मीच मांडते. गोळी घेणाऱ्या सगळ्यांना जुगार लागत नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 रुग्णांच्या पाहणीत, या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्क्यांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामेच्छा यांपैकी काहीतरी अनावर झालेलं आढळलं. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.9 टक्के होतं. म्हणजे सहातल्या एकाला त्रास, पाचांना नाही. मग त्या एकात काही वेगळं होतं ना? होतं. कमी वय, धूम्रपान, घराण्यात जुगाराचा इतिहास असेल तर धोका वाढलेला दिसतो. पण यांतलं किती माणसाने स्वतः निवडलेलं असतं? शेंगदाण्याची ॲलर्जी सगळ्यांना नसते म्हणून ज्याला आहे त्याच्या सुजेला त्याचा स्वभाव जबाबदार, असं आपण म्हणत नाही. गोळीला काहीतरी सापडलं, हे खरं. ते बहुतेक सगळ्यांत थोडंथोडं असतं, आणि तुमच्या वडिलांनी ते साठ वर्षं सांभाळलं होतं, हेही तितकंच खरं.

‘तेच का हे?’ या प्रश्नाचं एक व्यावहारिक उत्तर नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकल्स यांच्या 2015च्या अभ्यासात मिळतं. मेंदू झिजवणारे आजार झालेल्यांच्या कुटुंबीयांना त्यांनी विचारलं, तुमचा माणूस अजून तोच वाटतो का? जॉन लॉकपासून तत्त्वज्ञ म्हणत आले की स्मृतीचा धागा टिकला तर माणूस तोच. घरच्यांचं मोजमाप वेगळं निघालं. आठवण गेलेला माणूस त्यांना बऱ्यापैकी तोच वाटत होता. दया, प्रामाणिकपणा, आपुलकी बदललेला माणूस परका वाटत होता. अल्झायमर्सपेक्षा, जिथे वागणूक आधी ढळते त्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात ‘हा आमचा नाहीच’ ही भावना जास्त तीव्र होती. आईला बाबा ‘हे नव्हतेच’ असं वाटलं ते यामुळेच. त्यांच्या आठवणी जागच्या जागी होत्या, पण ज्या गुणावर संसार उभा होता तोच निसटला होता.

पण हे निसटणं नेहमी कायमचं नसतं. 1848 साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण इतका बेताल झाला की मित्र म्हणू लागले, हा गेज राहिला नाही. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. पुढे तो चिलीला गेला आणि काही वर्षं घोडागाडी हाकत राहिला. अनेक घोड्यांचे लगाम, ठरलेल्या वेळा, उतारूंशी बोलणं, हे त्याला जमत होतं. नियमित दिनक्रमाने त्याला बरंच सावरलं असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

माफीकडे येते. दोष, जबाबदारी आणि भरपाई या तीन गोष्टी घरात एकाच टोपलीत पडल्या आहेत, त्या वेगळ्या करा. दोष, म्हणजे ‘तू वाईट माणूस आहेस’ हा ठपका, माझ्या मते इथे बराच कमी होतो. शून्य होतो का? पहिल्या महिन्यात, ओढ अजून लहान असताना, कोणाला तरी सांगता आलं असतं का? कदाचित आलं असतं. पण ही ओढ गोळीने लागू शकते हे त्यांना कोणी नीट सांगितलं होतं का, हे आधी विचारा. 2012 साली फ्रान्समध्ये रेनच्या अपील न्यायालयाने अशाच एका रुग्णाला औषध कंपनीकडून सुमारे 1,97,000 युरोंची भरपाई देवविली. जुगारापायी त्याने चोऱ्याही केल्या होत्या. आपल्याकडचा कायदा वेगळा विचार करतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 22, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम 84, विचारतं ते एवढंच, की कृत्य काय आहे किंवा ते चूक आहे हे मनाच्या विकारामुळे कळतच नव्हतं का? कळत होतं पण आवरत नव्हतं, याला त्यात जागा नाही. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते. घराने तीच रेघ मारायची गरज नाही.

जबाबदारीचं मात्र निराळं आहे, आणि इथे माझं मत अनेकांना खटकतं. ‘तुम्ही नव्हताच, गोळी होती’ असं बाबांना रोज सांगू नका. हेतू चांगला असतो, पण त्यांना प्रत्येक डाव आठवतो, सराफाच्या दुकानातली खुर्ची आठवते. जे आठवतं ते ‘तुमचं नाहीच’ म्हटलं तर त्यांच्या हातात दुरुस्त करायलाही काही उरत नाही. माझ्या पाहण्यात सावरतात ते रुग्ण साधारण असं म्हणतात: ‘ओढ माझी नव्हती, पण हातून माझ्याच झालं, आता निस्तरायला मी हवा.’ त्यांना निस्तरायला काम द्या. पाटल्या सोडवण्याचा हिशेब त्यांनाच लिहू दे. फक्त खात्यावर दोन सह्या, मोबाइलमधून व्यवहाराची ॲप बंद, डिमॅट खातं गोठवलेलं, हे आधी करा. त्याला शिक्षा म्हणू नका. पाय अडतो तिथे आपण पट्टे चिकटवतोच ना.

वाचता वाचता तुमच्या मनात आलं असेल, की मग ज्याला पार्किन्सन्स नाही, गोळी नाही, त्या जुगाऱ्याचं काय? त्याच्याही मेंदूत काहीतरी चालूच असतं. मान्य. त्यालाही मी पूर्वीइतका सरसकट दोष देत नाही. फरक कारण असण्या-नसण्यात नाही, कारण सगळ्यालाच असतं. मी बघते ते असं: समजावणं, लाज, नुकसान, मुलांचा चेहरा, यांतलं काही त्याच्या वागण्यापर्यंत पोचतं का, आणि किती पोचतं? जितकं पोचतं तितका तो मोकळा. हे मोजमाप कमी-जास्त असतं, हो-नाही नसतं. तुमच्या वडिलांपर्यंत दीड वर्ष फार थोडं पोचत होतं, आता पोचतंय.

आणि एक गोष्ट तातडीची. भिंतीकडे तोंड करून पडणं, न जेवणं, ‘मीच केलं’ म्हणत राहणं, याला तुम्ही घरी पश्चात्ताप समजत आहात. तो असेलच. पण ही औषधं उतरवताना काहींना अस्वस्थता, भीतीचे झटके, खोल उदासी येते. 2010 साली या त्रासाचं स्वतंत्र वर्णन झालं, आणि ज्यांना जुगारासारखी ओढ लागली होती त्यांच्यातच तो जास्त दिसतो. शिवाय पार्किन्सन्समध्ये नैराश्य मुळातच पुष्कळ आढळतं. म्हणजे बाबांच्या पश्चात्तापातही गोळीचा, किंवा गोळी कमी झाल्याचा, वाटा असू शकतो. म्हणून तो पश्चात्ताप त्यांचा नाही असं आई म्हणणार नाहीत, दादाही म्हणणार नाही. पण उपचार त्याचेही लागतात. डोस स्वतःहून एकदम बंद करू नका, तसाच परत वाढवूही नका. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे त्यांना सरळ विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असलं किंवा टाळाटाळ झाली तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक चालू असतो.

पुढच्या तपासणीला दादाला सोबत न्या. बँकेचं दोन वर्षांचं स्टेटमेंट आणि डोस कधी किती वाढला, कधी उतरला त्या तारखा एका कागदावर शेजारीशेजारी लिहायचं काम त्याच्याकडे द्या. डॉक्टरांना त्या कागदाचा उपयोग होईलच, आणि तो दादाने स्वतः लिहिलेला असेल.